साखर कुठल्या मातीतली

माझा साडू, दातुक रांगकायो, रोज दोन घरी जेवायचा. यात आपला काही दोष नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते सगळंच काही खोटं नव्हतं. आमच्या मिनांग लोकांत घर बायकांचं, शेत बायकांचं. पुरुष म्हणजे संध्याकाळी चपला काढून आत येणारा पाहुणा. त्यात हा पडला त्याच्या कुळाचा प्रमुख; ‘दातुक’ हा किताबच कुळप्रमुखाचा. दुपार उतरली की, असरच्या नमाजानंतर, तो फटफटीवरून वर गुगुकला, बहिणीच्या घरी जायचा. कुळाचा कारभार पाहायला. कारभार म्हणजे भाचीचं लग्न, बांधाचं भांडण, कुणाची म्हैस कुणाच्या वाफ्यात शिरली ते. हा कारभार नेमका भाताचं झाकण उघडलं की निघायचा. भाऊ दारात आला म्हटल्यावर बहीण दारनिस ताट वाढणार, आणि भावाने ‘नको’ म्हटलं तर कुळाची अब्रू जाणार.

तिथून उतरून तो खाली लुराहला, बायकोच्या घरी यायचा. तिथेही ताट तयार. ते टाळलं तर ‘नवरा बाहेर जेवून येतो’ असं गाव बोलणार. दोन्हीकडे वर ‘तांबुह’ होताच: पहिला भात संपायच्या आत न विचारता पडणारा दुसरा डाव. तांबुह नाकारणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय.

लुराहच्या त्याच घरात मीही राहतो. त्याची बायको निमार थोरली, माझी यूलिस्मा धाकटी. त्यामुळे पुढे जे झालं ते मी जेवणाच्या चटईवर बसूनच पाहिलं.

मागच्या कोरड्या दिवसांत दातुकच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. त्या मुंग्या त्याने मनावर घेतल्या नाहीत. पण मोरीत तो जाऊन आला की रांग लावून येणाऱ्या खऱ्या मुंग्या निमारने पाहिल्या, आणि त्याला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात डॉक्टर विडाती होती. जावा बेटावरची पोरगी, बारीक चणीची, मऊ बोलणारी, आणि त्या मऊ बोलण्यातच माणसाला सोलून ठेवणारी.

“दातुक, रक्तात साखर फार आहे. दिवसाला भात किती खाता?”

“माणूस खातो तेवढा.”

“कुठल्या माणसाएवढा?”

“कुळाच्या प्रमुखाएवढा.”

“मग निम्मा करा.”

दातुक मोठ्याने हसला. “कुठल्या घरचा निम्मा? वरचा का खालचा?”

तो थट्टेत बोलला, पण निमारच्या डोक्यात ते रुतून बसलं. घरी येईपर्यंत तिने निकाल लावून टाकला होता. नवऱ्याची साखर वरून येते. नणंदेच्या घरून.

दोन दिवसांत ते गुगुकला पोचलं. दारनिस, भावाहून वयाने मोठी आणि आवाजानेही, तडक आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“निमार, माझा भात विषारी म्हणालीस?”

“विषारी नाही म्हटलं, उनी. चिकट म्हटलं.” उनी म्हणजे ताई; निमार कितीही भांडली तरी तिने उनी सोडलं नाही. “लग्न झाल्यापासून ते माझ्या घरी जेवताहेत, तेव्हा नाही चढली साखर. तुम्ही ते जावाचं नवं बियाणं लावलंत आणि हे सुरू झालं. तोंडात घातला की गोळाच होतो. तो भात आहे की कपड्यांची खळ?”

“मऊ आहे म्हणून म्हातारे दुवा देतात! आणि माती कुठली? ज्वालामुखीच्या डोंगराची राख आहे ती. आमच्याकडे कुंपणाची काठी रोवली तर पालवी फुटते. तुझ्याकडे काय? म्हशींचं डबकं. बारा महिने तुंबलेलं पाणी. तुझ्या भाताला वास येतो, वास.”

“वास भाताला नाही येत, उनी. दारात कोण उभं आहे त्यावर असतं ते.”

यूलिस्मा मला म्हणाली, “तुम्ही आत या. यात पुरुषाचं काम नाही.” मी आत आलो. दातुक आधीच आत होता, आणि ताटावर होता.

महिनाभरात गावाचे दोन तुकडे झाले. एतामच्या टपरीवर कॉफी प्यायला बसलेले लोक एकमेकांना ‘राखवाले’ आणि ‘डबकेवाले’ म्हणायला लागले. एतामची टपरी पुढे आणि किराणा मागे. त्याचं तोंड दोन्हीकडे चालायचं. दातुक दिसला की तो ओरडायचा, “या दातुक, कॉफी बिनसाखरेची ना? साखर तुम्ही घरून घेऊन आलाय!” सगळे हसायचे. दातुकही हसायचा. आमच्याकडे टपरीवरची टिंगल ज्याला सोसत नाही त्याने पुरुष म्हणून बाहेर पडू नये.

डॉक्टर विडाती मात्र हसत नव्हती. तिने दातुकला पुन्हा बोलावलं. गोळ्या दिल्या आणि म्हणाली, “दोन जेवणांतलं एक सोडा.”

“सोडतो की. पण दोष कोणाच्या मातीचा ते आधी सिद्ध करा. मी कुळाचा प्रमुख, न्याय करतो. पुराव्याशिवाय एका बाईचं ताट परत कसं पाठवू?”

आता मला कळतं, त्या पोरीने तेव्हा काय हिशेब केला असेल. भाताची तपासणी केली तर निदान एक ताट तरी कमी होईल. पाडांगच्या विद्यापीठात तिची एक मैत्रीण धान्यं तपासायची. विडातीने दोघींना निरोप धाडला: आपापल्या शेतातला मूठभर तांदूळ पुडीत बांधून दवाखान्यात आणून द्या.

दोघींनी दिला. निकाल यायचा होता तोवर दोघीही इतक्या गोड वागत होत्या की यूलिस्माला भीती वाटायला लागली.

निकाल आल्यावर विडातीने तो गावच्या मंडपात सांगायचं ठरवलं, कारण दवाखान्यात गर्दी मावेना. दातुक काळा झगा आणि डोक्याला घडीचा फेटा घालून पुढे बसला होता, जसा काही त्याच्या साखरेचाच सत्कार होता.

“दोन्ही तांदूळ तपासले,” विडाती म्हणाली. “दोन्ही सारखे आहेत.”

मंडपात कुजबुज झाली. दातुक ताडकन उठला. “ऐकलंत? विज्ञानाने सिद्ध केलं! वरचे आणि खालचे एकच! माझ्या दोन्ही घरांत—”

“दातुक, बसा. सारखे म्हणजे फार सारखे. जातही एक निघाली, ते क्षणभर सोडा. पण बी एक असलं तरी माती दाण्यात आपली खूण ठेवते. दाणा जस्त आणि लोह मातीतून उचलतो. वर राखेची, निचऱ्याची जमीन. खाली बारा महिने पाणी. अशा जमिनीत जस्त असलं तरी मुळांना मिळत नाही. दोन्हीकडचा दाणा वेगळा यायलाच हवा. हा तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो. शिवाय दोन्ही लाल आहेत. गुगुकला किंवा लुराहला लाल तांदूळ कोणी पिकवतं का?”

मागून एताम म्हणाला, “हे एक शेत नाही डॉक्टर, हे एक पोतं आहे. माझंच. एक बाई सकाळी आल्या, एक दुपारी. मी विचारलं, लाल तांदूळ कशाला हो, साखरेचं आजारी आहे का कोणी? उनी दारनिस म्हणाल्या, कोंबड्यांना. उनी निमार म्हणाल्या, कोंबड्यांना. मला वाटलं आता गावातल्या कोंबड्यांनाही साखर झाली.”

मंडपाचं छप्पर उडेल असं लोक हसले. निमार डोक्यावरची ओढणी सारखी करत राहिली. दारनिसने मात्र मान ताठ ठेवली आणि जाहीर केलं, “एतामने भेसळ केली.”

“केलीच असणार,” निमार म्हणाली. त्या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

विडाती चिवट. पुढच्या कापणीला ती गुडघ्यापर्यंतचे बूट घालून स्वतः दोन्ही शेतांत उतरली. लुराहच्या चिखलात तिच्या पायाला जळवा लागल्या, एक बूट तिथेच राहिला. वर गुगुकला दारनिसने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि तांबुहही केला. तिने स्वतःच्या हाताने ओंब्या कापल्या, स्वतः पुड्या बांधल्या, पाडांगला नेऊन दिल्या.

या वेळचा निकाल तिने मंडपात नाही सांगितला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिघांना बोलावलं. दातुक म्हणाला, साक्षीला साडूही हवा. म्हणून मी गेलो.

“उनी दारनिस, तुमच्या मातीचा दाणा चांगला. जस्त जास्त, लोह जास्त. लुराहच्या दाण्यात ते कमी आहे.”

दारनिस माझ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंत ना, सुतान? साक्षीदार आहात.” सुतान म्हणजे मी; लग्न झालं की आमच्याकडे कुठल्याही पुरुषाला मिळतो तो साधा किताब.

“थांबा. पण तुमचं बियाणं मऊ जातीचं आहे. मऊ भात पोटात लवकर विरघळतो, साखर पटकन वर जाते. उनी निमार अजून जुनी जात लावतात, मोकळ्या भाताची. तिच्यातलं पीठ दुसऱ्या प्रकारचं असतं, ते सावकाश पचतं. साखरेच्या माणसाला ती जात बरी.”

आता निमार माझ्याकडे वळली. “ऐकलंत ना, सुतान?”

मी दोन्हीकडे मान हलवली. या घरात मी दुसरं काही करतही नाही.

“म्हणजे माती हिची आणि जात तिची,” विडाती म्हणाली. तिचा चेहरा जरा खुलला होता. बिचारीला वाटलं, झालं काम. “उनी निमार, तुमचं बी उनी दारनिसना द्या. गुगुकच्या शेतात लावून बघा. त्यातला एक पेला भात, तोही अर्धा कोंडा न काढलेल्या तांदळाचा, दिवसातून—”

“माझं बी तिच्या शेतात?” निमार उभीच राहिली. “आईने आजीकडून घेतलेलं बी मी गुगुकला देऊ?”

“आणि मी डबक्यातलं बी राखेत पेरू?” दारनिस म्हणाली. “माझी आई कबरीतून उठून येईल.”

दातुकने दोन्ही हात वर केले. कारभारात तो असेच हात वर करायचा, आणि मग निवाडा द्यायचा. तेव्हाही दिला. “डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट आहे. वरच्या भातात ताकद, खालच्या भाताने साखर आवरते. म्हणजे एक औषध आणि एक टॉनिक. दोन्ही घ्यावी लागणार.”

“दातुक, मी असं नाही म्हटलं.”

“तुम्ही विज्ञान सांगितलंत. न्याय मी केला.”

विडातीने कपाळावर हात ठेवला. “सगळ्यात मोठी गोष्ट सांगायची राहिली. माती कुठलीही असो, जात कुठलीही असो, ताट किती वेळा भरलं हे दोन्हीहून वरचढ आहे. जुन्या जातीचा भातसुद्धा डोंगरभर खाल्ला तर—” पण तिघंही उठले होते. दारनिसला गुगुकला जाऊन राखेची बातमी द्यायची होती, निमारला लुराहला जाऊन जातीची.

त्या दिवसापासून दातुकची ताटं वाढली. वर दारनिस म्हणायची, “खा रे, जस्त आहे.” जस्त म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं; पत्र्याला लावतात तेच असावं असा तिचा समज, म्हणून भाऊ गंजणार नाही याची तिला खात्री होती. खाली निमार म्हणायची, “वरचा चिकट खाऊन आलात, आता तो धुवून काढायला हा मोकळा खा.” नारळाच्या रसातलं कालवण, मिरचीत परतलेले सुके मासे, फणसाची भाजी, आणि वर तांबुह. दातुकने गोळ्याही सोडल्या. औषध दोन घरांत शिजत असताना पुडीतलं कशाला?

यूलिस्मा एकदा त्याच्या देखत बोलली, “दाजी, पोटाला माती नि जात कळत नाही हो, वजन कळतं.” दातुक तिला म्हणाला, “तू धाकटी आहेस,” आणि वाढून घेतलं.

मग पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या डाव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटात माशाचा काटा गेला. त्याला कळलंच नाही. चटईवर रक्ताचा डाग दिसला तो निमारला, तोही बोट काळं पडल्यावर. विडातीने पाहिलं आणि लगेच गाडी मागवली. पाडांगच्या इस्पितळात बोट काढलं.

मी त्याच्याबरोबर होतो. शुद्धीवर आल्यावर तो बराच वेळ पायाकडे बघत बसला. तिथे फक्त पट्ट्यांचा गोळा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भूक नव्हती.

“सुतान, बोट कुठे आहे?”

“बांधून ठेवलंय त्यांनी. पुरायला देणार आहेत.”

“कुठे पुरायचं?” त्याचे डोळे भरून आले. “अंग जिथलं, मातीही तिथलीच हवी ना रे. गुगुकला न्यायला सांग.”

मला त्याची खरोखर दया आली. तेवढ्यात निमारने दारातून ऐकलं. तिचं म्हणणं, ते बोट माझ्या भातावर वाढलंय, लुराहलाच पुरायचं. दारनिस फोनवर होती. तिचा आवाज फोन कानाला न लावताही ऐकू येत होता. तिने कुळाचा हक्क सांगितला. शेवटी बोट गुगुकला गेलं, पांढऱ्या कापडात. भाचे रांगेत उभे राहिले. एतामने टपरी बंद ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना म्हणाला, “कुळाचा प्रमुख हप्त्याहप्त्याने निघाला.” त्यावर फार कोणी हसलं नाही.

इस्पितळात दातुकला ताटलीत मोजून भात मिळायचा. वाटीभर, सपाट, वर उकडलेली पालेभाजी आणि माशाचा एक तुकडा. तांबुह मागितला तर वाढणारी बाई गाडी ढकलत पुढे निघून जायची. आठवडा गेला आणि साखर उतरली. अजून एक गेला, आणखी उतरली. जखम भरायला लागली.

मला वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडेल. पडलाही. एका सकाळी त्याने वाढणाऱ्या बाईचा हात धरला.

“बाई, हा भात कुठल्या मातीतला?”

“गोदामातला.”

“गोदामात कुठून येतो?”

“ट्रकमधून.”

तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर न्याय मिळाल्याचं तेज होतं. “बघितलंस? वरचाही नाही, खालचाही नाही. दोघीही चुकल्या. औषध या भातात आहे.”

“दातुक, तुम्ही वाटीभर खाताय म्हणून—”

“तू सुतान आहेस,” तो म्हणाला. “तुला मातीतलं काय कळतं?”

घरी येताना त्याने ओळखी लावून त्याच गोदामातली पोती गाडीत घातली. पिवळसर, तुटका, कुबट तांदूळ. निमारने पोतं उघडून नाक मुरडलं, पण दारनिस तोवर येऊन बसली होती. तिनेही वास घेतला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तो तिसऱ्याच कुणाचा भात होता. कोणाचीच हार नव्हती. “इस्पितळाचा म्हणजे चांगलाच असणार,” दारनिस म्हणाली. “निवडला की बरा होईल,” निमार म्हणाली, आणि दोघी सुपं घेऊन एकाच पायरीवर बसल्या. दोघींच्या शेतांतला चांगला तांदूळ एतामकडे विकायला गेला. दवाखान्याच्या निकालाची कथा पाडांगपर्यंत पोचली होती, त्यामुळे शहरातले लोक गाड्या थांबवून तो घ्यायला लागले: राखेचा ताकदीसाठी, डबक्याचा साखरेसाठी. एताम दोन्ही देताना तितकाच गंभीर असतो.

पायामुळे दातुकला वर चढवेना, म्हणून दारनिसच रोज डबा घेऊन उतरायची. एका दुपारी विडाती पट्टी बदलायला आली. दातुक चटईवर पाय लांब करून बसला होता. एका बाजूला दारनिसचा डबा, दुसऱ्या बाजूला निमारचं ताट, दोन्हींत गोदामाचा भात, आणि दोन्हींवर तांबुह.

विडाती दारातच उभी राहिली. “दातुक, हा कुणाच्या शेतातला?”

“सरकारच्या!” दातुक तोंड भरून म्हणाला. “इस्पितळात साखर याच भाताने उतरली.”

“बरं. मग पुढचं बोट सरकारी जागेत पुरा.”

दातुक सगळ्यात मोठ्याने हसला. असलं टोमण्याचं बोलणं त्याला फार आवडतं. आता ही पोरगी आपली झाली, असं तो मला नंतर म्हणाला. निमारने डॉक्टरसाठीही ताट मांडलं. विडाती बसली नाही. तिने पट्टी बदलली, पायाच्या तळव्याला सुईचं टोक लावून ‘कळतंय का’ विचारलं. दातुक म्हणाला, “काय कळतंय का?” तिने सुई ठेवून दिली. निमारला शेजारी बसवून हळू आवाजात बराच वेळ काही सांगितलं. निमारने मान हलवली, डोळे पुसले, आणि डॉक्टर गेल्यावर ताटातला भात काढून पुन्हा भांड्यात टाकला. दारनिसने तिच्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण उघडून, “भावाला उपाशी मारतेस का?” असं म्हणत तेवढाच भात त्याच्या ताटात घातला.

रोजे संपल्यावर विडातीची बदली झाली. तिने स्वतःच मागून घेतली, मेन्तावाइच्या बेटांवर, जिथे लोक भाताऐवजी झाडाच्या गाभ्याचं पीठ भाजून खातात. निरोपाला एतामच्या टपरीवर आम्ही सगळे जमलो होतो. दातुकही कुबडी टेकत आला. तिथल्या पिठात साखर किती असते, आणि ते झाड कसल्या मातीत वाढतं, हे कळवायला विसरू नका, असं त्याने तिला दोनदा बजावलं.